जहाज नेमकं कोणत्या व्हॅलेन्शियाला गेलं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. एका जहाज कंपनीच्या एकोणिसाव्या शतकातल्या पत्रव्यवहारातून तुम्ही सुमारे चारशे गावांची नावं उतरवून घेतलीत. ती यादी नकाशाच्या सॉफ्टवेअरला दिलीत आणि त्यानं मिनिटभरात सगळे ठिपके जगाच्या नकाशावर टाकले. मग लक्षात आलं, की 'व्हॅलेन्शिया'च्या चारही नोंदी स्पेनमध्ये पडल्यात, आणि पत्रांमधला माल तर व्हेनेझुएलाकडे जाताना दिसतोय. आता तुम्ही विचारताय : एका नावाची अनेक गावं असली तर 'त्यातलं सगळ्यात मोठं ते धरायचं' हा नियम लावून मोकळं होता येईल का?

मोकळं होता येईल, आणि बऱ्याचशा नोंदी बरोबरही येतील. अडचण उरलेल्यांची आहे. स्पेलिंग चुकलं तर सॉफ्टवेअर अडतं, ठिपका पडतच नाही, चूक आपोआप समोर येते. अक्षांश-रेखांशाच्या रकान्यात शून्य-शून्य राहून गेलं तर ठिपका आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, भर समुद्रात जाऊन पडतो. तीही चूक लांबून दिसते. नामसाधर्म्याची चूक मात्र सभ्य कपड्यात येते. ठिपका खऱ्या शहरावर, नीट जमिनीवर, नावाशी तंतोतंत जुळून बसलेला असतो. त्याच्याकडे बघून कुणालाच शंका येत नाही. नकाशासंग्रहांच्या सूच्या आणि जुन्या कागदपत्रांमधली स्थलनामं जुळवण्याचं काम मी पंचवीसहून अधिक वर्षं करतोय, आणि सगळ्यात उशिरा सापडलेल्या माझ्या चुका याच जातीच्या आहेत.

आधी एक गोष्ट कबूल करतो. किती खोलात जायचं हे तुम्ही यादीचं काय करणार यावर अवलंबून आहे. एखाद्या लेखासोबत भिंतीवर लावायचा नकाशा हवा असेल तर दहा-वीस चुकांनी आकाश कोसळत नाही. पण 'कंपनीचा किती व्यापार कोणत्या देशाशी होता' अशी मोजणी करणार असाल, तर एकट्या व्हॅलेन्शियाच्या चार नोंदी इकडच्या तिकडे गेल्या की निष्कर्ष फिरू शकतो. पुढचं सगळं मी मोजणी करायची आहे असं धरून लिहितोय.

एकाच नावाची इतकी गावं का झाली, हे कुतूहल म्हणून सोडून देऊ नका. कामाच्या दृष्टीनं तेच सगळ्यात उपयोगी आहे. नाव कोणत्या वाटेनं पसरलं हे कळलं की त्याची जुळी गावं कुठे शोधायची आणि कोणत्या पुराव्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे दोन्ही कळतं.

पहिली वाट स्थलांतराची. माणसं बोजाबिस्तरा घेऊन निघतात तेव्हा नावंही सोबत नेतात. रिचमंडचं उदाहरण मला फार आवडतं. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशरमध्ये रिचमंड आहे. ते नाव मुळात नॉर्मंडीतून आलं. सातवा हेन्री गादीवर येण्याआधी त्या रिचमंडचा अर्ल होता, म्हणून त्यानं 1501 च्या सुमारास लंडनजवळ थेम्सकाठी बांधलेल्या राजवाड्याला तेच नाव दिलं, आणि तिथे दुसरं रिचमंड तयार झालं. पुढे 1737 मध्ये विल्यम बर्ड यांनी व्हर्जिनियात जेम्स नदीच्या वळणावर शहर आखलं. तिथून दिसणारी नदी त्यांना थेम्सकाठच्या रिचमंडसारखी वाटली, आणि तिसरं रिचमंड झालं. नॉर्मंडी, यॉर्कशर, सरे (म्हणजे थेम्सकाठचं), व्हर्जिनिया. प्रत्येक टप्प्यावर मूळ गाव मागे पडलं आणि नंतरचं मोठं झालं. 'मोठं ते धरा' हा नियम इथे निम्म्याहून जास्त इतिहास गिळून टाकतो.

स्पॅनिश जगात ही वाट राजमार्गच झाली. स्पेनमधलं मेरिदा हे रोमनांनी इसवी सनपूर्व 25 मध्ये निवृत्त सैनिकांसाठी वसवलेलं एमेरिता ऑगस्ता. मेक्सिकोत 1542 मध्ये दुसरं मेरिदा आलं, व्हेनेझुएलात 1558 मध्ये तिसरं. कॉर्डोबा, ग्रॅनाडा, लिऑन, ग्वादालाहारा, त्रुहियो अशी कितीतरी नावं याच पद्धतीनं अटलांटिकपार गेली.

आणि इथेच तुमच्या कामातला खरा खड्डा आहे. नावं सुटी जात नाहीत, गठ्ठ्यानं जातात. सूचीचं काम शिकवताना पहिल्याच दिवशी सांगतात : नाव एकटं बघू नका, शेजारची नावं बघा. एका पत्रात व्हॅलेन्शियाबरोबर बार्सेलोना आणि मेरिदा आलं तर? नवखा माणूस म्हणेल, प्रश्नच मिटला, स्पेन. पण व्हॅलेन्शिया, बार्सेलोना आणि मेरिदा ही तिन्ही शहरं व्हेनेझुएलातही आहेत. शेजारी बघून घराची खात्री करावी, तर अख्खी आळीच उचलून दुसरीकडे नेलेली!

मी स्वतः या खड्ड्यात पडलोय. 1880 च्या दशकातल्या एका कुटुंबाच्या पत्रांची सूची करत होतो. पत्रांच्या माथ्यावर 'लंडन' लिहिलेलं. मजकुरात मिडलसेक्स परगणा, थेम्स नदी, ब्लॅकफ्रायर्स पूल, ऑक्सफर्ड स्ट्रीट, सेंट पॉल्स कॅथीड्रल. इतका पुरावा असल्यावर कोण शंका घेईल? मी सगळ्या नोंदी इंग्लंडच्या लंडनला लावल्या आणि 'खात्री : पूर्ण' असा शेरा मारला. पंधरा-वीस पत्रं पुढे गेल्यावर एक साधं वाक्य आलं. लिहिणारा सकाळी गाडीनं पॅरिसला गेला, काम आटोपलं आणि संध्याकाळच्या जेवणाला घरी परत आला.

1880 च्या दशकात लंडनहून पॅरिसला जाऊन संध्याकाळी परत? मधे खाडी, बोटीत चढ-उतार. अशक्य. मग मी कॅनडाचा नकाशा उघडला. ऑन्टॅरिओत लंडन नावाचं शहर आहे. जॉन ग्रेव्ह्ज सिमको यांनी 1793 मध्ये ती जागा हेरून तिला लंडन म्हणायचं ठरवलं आणि तिथल्या नदीला थेम्स. परगणा मिडलसेक्सच. पूल ब्लॅकफ्रायर्स, रस्ता ऑक्सफर्ड, कॅथीड्रल सेंट पॉल्स. थोडं पुढे स्ट्रॅटफर्ड आहे आणि तेही, इंग्लंडमधल्या शेक्सपिअरच्या गावासारखंच, एव्हन नदीवर आहे. आणि शंभर किलोमीटरच्या आत, त्याच रेल्वेमार्गावर, पॅरिस. गंमत म्हणजे त्या पॅरिसला ते नाव फ्रान्सच्या प्रेमातून मिळालेलं नाही. तिथे जिप्समचे साठे होते, जिप्समपासून प्लास्टर ऑफ पॅरिस बनतं, म्हणून गावच पॅरिस झालं.

तेव्हापासून मी शेजारच्या नावांवर आंधळा विश्वास ठेवत नाही. आता आधी असं नाव शोधतो ज्याला जुळं नाही. वसाहतवाल्यांनी आपली नावं लावली तरी तिथल्या मूळ लोकांची काही नावं टिकून राहतात, आणि ती सहसा उलट दिशेनं युरोपात गेलेली नसतात. लंडनच्या पत्रात टोरोंटो आलं की निकाल लागतो. मेरिदाच्या पत्रात माराकाइबो, काराकास किंवा बार्किसिमेतो आलं की स्पेन बाद. अशी एकटी नावं मी यादीतून सगळ्यात आधी वेगळी काढतो. त्यांचे ठिपके निर्धास्त टाकता येतात, आणि मग त्यांच्या आधारानं बाकीच्यांचा शोध घेता येतो.

एकटं नाव सापडलंच नाही तर नावं बाजूला ठेवून जमीन, पाणी आणि हवा बघायची. किती दिवसांत पोचले? जहाज धक्क्याला लागलं की माल पुढे खेचरांवर गेला? डिसेंबरात उकाड्याची तक्रार आहे का? पर्थ आणि न्यूकॅसल ही नावं ब्रिटनमध्येही आहेत आणि ऑस्ट्रेलियातही. डिसेंबरातला उन्हाळा एका ओळीत गोलार्ध सांगून टाकतो. नाव नक्कल करता येतं, ऋतू येत नाही.

दुसरी वाट वर्णनाची. दोन ठिकाणच्या लोकांना एकमेकांची गंधवार्ताही नसते, पण दोघांना एकच गोष्ट सुचते. जगातली सगळ्यात लोकप्रिय कल्पना बहुधा 'नवं शहर' हीच असावी. ग्रीकांचं नेआपोलिस म्हणजे नवं शहर. इटलीतलं नेपल्स त्यातूनच आलं आणि पॅलेस्टाइनमधलं नाब्लुसही. रशियातलं नोव्हगोरोड म्हणजे तेच, जर्मनीतली नॉयश्टाट नावाची गावं म्हणजेही तेच. कार्थेज या फिनिशियन नावाचा अर्थसुद्धा नवं शहर. स्पेनच्या किनाऱ्यावर कार्थेजवाल्यांनी वसवलेल्या शहराला रोमन कार्थागो नोव्हा म्हणू लागले, म्हणजे अर्थ बघितला तर 'नवं नवं शहर'. त्याचं कार्ताहेना झालं, आणि 1533 मध्ये कोलंबियाच्या किनाऱ्यावर त्याची आणखी नवी आवृत्ती निघाली. तुमच्या यादीत कार्ताहेना असेलच. ती दोन्ही बंदरं आहेत, त्यामुळे 'जहाज लागलं' एवढ्यावर तिथे काही ठरणार नाही.

त्रिपोली म्हणजे तीन शहरं. एक लिबियात, एक लेबनॉनमध्ये, एक ग्रीसमध्ये. अरबी लिहिणाऱ्यांनी यावर कधीच तोडगा काढून ठेवला : लिबियातलं ते पश्चिमेचं तराबुलुस आणि लेबनॉनमधलं ते शामचं, म्हणजे सीरियाकडचं, तराबुलुस. युरोपीय पत्रांत ही शेपटी गळते आणि गोंधळ परत येतो. जपानमध्ये 'फुचू' म्हणजे जुन्या काळच्या प्रांताच्या कारभाराचं ठाणं. असे प्रांत अनेक होते, म्हणून फुचूही अनेक. तोक्योमधलं आणि हिरोशिमामधलं फुचू यांना 1954 सालीच शहराचा दर्जा मिळाला, आणि दोघांनीही नाव सोडलं नाही.

वर्णनातून आलेल्या नावांचा एक फायदा असा, की ती गठ्ठ्यानं हललेली नसतात. त्यामुळे त्यांच्या शेजाऱ्यांवर बिनधास्त विश्वास ठेवावा. त्रिपोलीशेजारी बैरूत आलं, की झालं.

तिसरी वाट माणसांच्या नावांची. अलेक्झांडरनं आपल्या नावाची शहरं ठिकठिकाणी वसवली. इजिप्तमधलं इसवी सनपूर्व 331 चं अलेक्झांड्रिया सगळ्यांना ठाऊक असतं, पण प्राचीन ग्रंथांतलं 'दूरचं अलेक्झांड्रिया' म्हणजे आजच्या ताजिकिस्तानातलं खुजंद. आणि अमेरिकेत व्हर्जिनियातलं अलेक्झांड्रिया? त्याचा त्या सम्राटाशी संबंध नाही. तिथल्या जमीनदार घराण्याचं आडनाव अलेक्झांडर होतं. हॅमिल्टन तर तीन ठिकाणी तीन वेगळ्या हॅमिल्टनवरून आलंय : कॅनडात जॉर्ज हॅमिल्टन, बर्म्युडात गव्हर्नर हेन्री हॅमिल्टन, आणि न्यूझीलंडमध्ये 1864 मध्ये 'गेट पा' इथल्या लढाईत मारले गेलेले कॅप्टन जॉन हॅमिल्टन. याच्या उलट सिडनी. ऑस्ट्रेलियातलं आणि कॅनडातलं, दोन्ही एकाच लॉर्ड सिडनीवरून. त्यात कॅनडातलं थोरलं आहे, 1785 चं. ऑस्ट्रेलियातलं 1788 चं. आजही ऑस्ट्रेलियाला निघालेले प्रवासी कॅनडातल्या सिडनीला उतरल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. विमानतळांचे संकेत वेगळे आहेत, एकाचा एस-वाय-डी आणि दुसऱ्याचा वाय-क्यू-वाय. पण तिकीट काढताना माणूस नाव वाचतो.

चौथा प्रकार म्हणजे निव्वळ कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ. अमेरिकेतली सेलम नावं बायबलमधून आली, तमिळनाडूतल्या सेलमचा त्यांच्याशी काही नातेसंबंध नाही. अशा जोड्या लांब लांब असतात आणि संदर्भ सहसा लगेच निवाडा करतो, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

आता जन्मतारखेबद्दल. संशयित गावांची यादी छोटी करण्यासाठी यासारखी चाळणी नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं पोर्टलंड हे नाव 1845 मध्ये नाणं उडवून ठरलं. दोन जमीनमालकांपैकी एकाला आपल्या बॉस्टनचं नाव हवं होतं, दुसऱ्याला मेन राज्यातल्या आपल्या पोर्टलंडचं, दुसरा जिंकला. म्हणजे 1845 च्या आधीच्या पत्रातलं पोर्टलंड ऑरेगनचं असूच शकत नाही, आज ते कितीही मोठं असो. एक सावधगिरी जहाजी कागदांपुरती : 'पोर्टलंड, अमुक पिंपं' असं दिसलं तर ते गावच नसण्याची शक्यता आहे. जोसेफ ॲस्पडिन यांनी 1824 मध्ये पेटंट घेतलेलं पोर्टलंड सिमेंट पिंपांतून जात असे, आणि त्याचं नाव इंग्लंडच्या पोर्टलंड बेटावरच्या दगडावरून आलंय. मालाच्या रकान्यातलं नाव ठिकाणाच्या रकान्यात घुसलेलं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

जन्मतारखेसारखीच नाव बदलल्याची तारीखही लागते. 1900 च्या कॅनडातल्या पत्रावर 'बर्लिन' असेल तर ते आजचं किचनर. पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये, त्यांनी नाव बदललं. मेक्सिकोतलं मोरेलिया 1828 पर्यंत व्हायादोलिद होतं. शहर तिथेच आहे, पण आजच्या सूचीत त्या नावाखाली ते सापडणार नाही, आणि सॉफ्टवेअर तुम्हाला सरळ स्पेनला नेऊन सोडेल. आणखी मागे गेलात तर फिलाडेल्फिया म्हणजे जॉर्डनमधलं अम्मान किंवा तुर्कस्तानातलं आलाशेहिरही असू शकतं. मध्ययुगीन युरोपीय लेखक 'बॅबिलॉनचा सुलतान' म्हणतात तेव्हा त्यांना कैरो अभिप्रेत असतं. तुमची पत्रं एकोणिसाव्या शतकातली आहेत, त्यामुळे इतकं मागे जावं लागणार नाही.

पत्र कोणत्या भाषेत आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि ते महत्त्वाचं आहे. इटालियनमध्ये म्युनिकला मोनाको म्हणतात. 'मोनाकोची गाडी' हे इटालियन पत्रातले शब्द भूमध्यसागराकडेही नेऊ शकतात आणि आल्प्सपलीकडेही. फ्रेंचमध्ये ऑस्ट्रियाच्या राजधानीला व्हिएन म्हणतात, आणि ऱ्होन नदीवर, लियॉंच्या खाली, फ्रान्सचं स्वतःचं व्हिएन आहेच. चिनी नावं रोमन लिपीत आली की उच्चारातले चढ-उतार, म्हणजे सूर, गळतात. बागांसाठी प्रसिद्ध असलेलं जिआंगसूतलं सूचौ आणि आन्हुईतलं सूचौ चिनी लिपीत वेगळी आहेत, रोमनमध्ये एक. शान्शी नावाच्या दोन शेजारी प्रांतांसाठी तर एका नावात जादा 'ए' घालून वेळ मारून नेली आहे.

तुम्ही यादी देवनागरीत केली आहे, त्यामुळे तुमच्याकडे एक गुंता जास्तीचा आहे. रोमनमध्ये वेगळी दिसणारी नावं देवनागरीत एक होतात. इंग्लंडमधलं रेडिंग आणि कॅलिफोर्नियातलं रेडिंग यांची स्पेलिंगं वेगळी, उच्चार एक. मॅसॅच्युसेट्समधलं वुस्टर आणि ओहायोमधलं वुस्टर, तसंच. गयानाची राजधानी जॉर्जटाउन एका शब्दात लिहितात, केमन बेटांची आणि पेनांगची दोन शब्दांत. आपण तिन्ही जोडूनच लिहितो. उलटही होतं. इलिनॉयमधल्या कैरोचा उच्चार तिथले लोक 'केरो' करतात, ओहायोमधल्या लिमाचा 'लायमा'. कुणी कानाला प्रमाण मानून लिहिलं असेल तर रोमनमधली जुळी नावं तुमच्या यादीत वेगळी पडलेली असतील. त्यामुळे पत्रातलं मूळ स्पेलिंग जसंच्या तसं एका रकान्यात ठेवलं नसेल तर आधी तेच काम परत करा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण त्याशिवाय पुढचं सगळं वाळूवर बांधल्यासारखं होईल.

शेपटीकडेही लक्ष द्या. फ्रँकफर्ट एक माइन नदीवर, एक ओडरवर. रोस्तोव एक डॉनवर, दुसरं खूप जुनं, मॉस्कोच्या ईशान्येला. सान्तियागोच्या मागे 'दे कॉम्पोस्तेला', 'दे कुबा', 'देल एस्तेरो' असं काही ना काही असतं. आजच्या नकाशावर हे स्पष्ट आहे, पण पत्र लिहिणारा शेपटी लावत नाही, कारण त्याला आणि वाचणाऱ्याला कोणतं ते ठाऊकच असतं. म्हणून मी नेहमी विचारतो : हा माणूस कुठे बसून लिहितोय? चिलीत बसलेल्याला सान्तियागो म्हणजे एकच. क्यूबात बसलेल्यालाही एकच, पण वेगळं. आणि लिहिणाऱ्यानं मुद्दाम शेपटी लावली असेल तर तो बहुधा सवयीच्या गावाबद्दल बोलत नाहीये. नेमका हाच भाग लोक यादी 'साफ' करताना काढून टाकतात.

कुणी हे सगळं थांबवत का नाही, असंही तुम्ही ओघात विचारलंय. देशाच्या आत काही ठिकाणी थांबवतात. चीननं 1914 मध्ये एकसारख्या नावांच्या बऱ्याच परगण्यांना नवी नावं दिली. अमेरिकेत नावांचं मंडळ 1890 पासून आहे. संयुक्त राष्ट्रांनी 1967 मध्ये जिनिव्हात भौगोलिक नावांच्या प्रमाणीकरणावर पहिली परिषद घेतली. पण प्रमाणीकरण म्हणजे नाव कसं लिहायचं ते ठरवणं. दुसऱ्या देशातल्या गावाला 'हे नाव घेऊ नका' असं सांगायचा अधिकार कुणालाच नाही, आणि नसावाही.

आता प्रत्यक्ष काम. प्रत्येक नोंदीला मी सहा रकाने देतो : पत्रातलं मूळ स्पेलिंग, पत्राची तारीख, लिहिणारा कुठे होता, मी ठरवलेलं गाव (देश आणि प्रांतासह), त्याचे अक्षांश-रेखांश, आणि ते का ठरवलं याचं एक वाक्य. शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि दोन वर्षांनी 'मी हे असं का केलं होतं?' म्हणून स्वतःचंच डोकं खातात. 'काराकासचा उल्लेख त्याच पानावर' इतकं लिहिलं तरी पुरतं. संकेतांक हवा असेल तर बंदरांसाठी आणि व्यापारी ठिकाणांसाठी संयुक्त राष्ट्रांची पाच अक्षरी पद्धत आहे. पहिली दोन अक्षरं देशाची, स्पेनसाठी ई-एस, व्हेनेझुएलासाठी व्ही-ई. पण ती आजच्या व्यापारासाठी आहे, बंद पडलेली बंदरं तिच्यात मिळतीलच असं नाही. म्हणून अक्षांश-रेखांश असलेच पाहिजेत.

आणि एक सातवा शेरा : 'ठरत नाही'. हा वापरायला लाजू नका. माझ्या सूच्यांमध्ये असे शेरे असतातच, आणि ज्या सूचीत एकही नाही ती मी जरा जास्त तपासतो. न ठरलेली नोंद मोजणीतून बाजूला ठेवता येते, किंवा दोन्ही बाजूंनी धरून निष्कर्ष बदलतो का ते बघता येतं. अंदाजानं ठरवलेली नोंद एकदा खात्रीच्या नोंदींत मिसळली की परत वेगळी काढता येत नाही.

तुमच्या व्हॅलेन्शियाकडे येतो. इथे नशीब तुमच्या बाजूनं आहे. स्पेनचं व्हॅलेन्शिया समुद्राला लागून आहे, तिथे बंदर आहे. व्हेनेझुएलाचं व्हॅलेन्शिया आत आहे. त्याचा माल पुएर्तो काबेयो या बंदरातून येतो-जातो. चारही पत्रं परत काढा आणि क्रियापद बघा. जहाज व्हॅलेन्शियाला 'लागलं', तिथे कोळसा भरला, धक्क्याचं भाडं दिलं, असं असेल तर ते स्पेन, आणि सॉफ्टवेअरचं बरोबर होतं. माल व्हॅलेन्शियाच्या कुणा व्यापाऱ्याला 'पाठवायचा' आहे आणि जहाज उतरतंय दुसरीकडेच, तर ते दुसरं बंदर कोणतं ते वाचा. पुएर्तो काबेयो किंवा ला ग्वाइरा असेल तर विषय संपला. चारही नोंदी एकाच गावाच्या असतील असं धरू नका. एकाच कंपनीची दोन्हीकडे पेढी असायला काहीच हरकत नाही. शिवाय फिलिपीन्समध्येही व्हॅलेन्शिया आहे, तेव्हा एखाद्या पत्रात मनिला दिसलं तर थांबा. आणि यादीत बार्सेलोना किती वेळा आलंय तेही याच बैठकीत मोजून घ्या. मला शंका आहे, ते सगळेच ठिपकेही आत्ता स्पेनमध्ये असतील.